गल्ल्यावरचा बोलका डबा आणि त्याचं ॲप : साउंडबॉक्सचं परीक्षण, सांगलीच्या पेठेतून

सांगलीच्या गणपती पेठेत संध्याकाळी सहा-सातच्या गर्दीत किराण्याच्या दुकानापुढे उभं राहिलं, की वजनकाट्याची खडखड आणि हमालांच्या हाका यांच्या मधूनच एक आवाज सारखा येत असतो, "दोनशे चाळीस रुपये मिळाले." दुकानदार मान वर करत नाही. पुडा बांधून पुढे सरकवतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. त्याचा फोन खिशात असतो, त्यातलं दुकानदारांसाठीचं ॲप दिवसभरात एकदाही उघडलेलं नसतं. हे परीक्षण जमा झालेली रक्कम बोलून सांगणाऱ्या डब्याचं, म्हणजे यूपीआय साउंडबॉक्सचं, आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या ॲपचं आहे. चार-पाच कंपन्यांचे डबे बाजारात आहेत. त्यांची घडण, भाड्याची पद्धत आणि ॲपची मांडणी इतकी सारखी आहे की पुढचं बहुतेक सगळं कोणत्याही डब्याला लागू पडावं. जिथे फरक पडतो तिथे काय तपासायचं ते लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. डबा घ्यावा, अगदी दहा-दहा रुपयांची भडंगाची पाकिटं विकणाऱ्यानेही घ्यावा. ॲपच्या भरवशावर रोजमेळ मात्र ठेवू नये. दिसायला ॲप सुरेख आहे आणि डबा साधा प्लास्टिकचा, तरी निकाल उलटा लागतो. यूआय (यूझर इंटरफेस) आणि यूएक्स (यूझर एक्स्पिरियन्स) ही दोन वेगळी कामं आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण पेठेत सापडणं अवघड आहे.

मिळतं काय? तळहातावर मावेल एवढा डबा, आत सिम कार्ड, चार्जिंगची वायर, क्यूआरचा स्टिकर किंवा टेबलावर ठेवायची क्यूआरची पाटी. चार्जर प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही. भाडं महिन्याला साधारण शंभराच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला अनामत घेतात की नाही, आणि घेतलेले पैसे परत मिळणारे आहेत की नाहीत, हे लेखी विचारून घ्यावं. वायर टाइप-सीची असेल तर उत्तम. जुन्या मायक्रो यूएसबीचं तोंड रोजच्या काढघालीत सैल होतं, आणि मग डबा चार्ज होतोय असं वाटतं पण होत नसतो.

आता ते दोन शब्द. यूआय म्हणजे माणूस आणि वस्तू जिथे भेटतात तो भाग : बटणं, अक्षरं, रंग, दिवे, आवाज. यूएक्स म्हणजे ती वस्तू घ्यायचं ठरवल्यापासून परत करेपर्यंत माणसाच्या वाट्याला जे जे येतं ते सगळं. त्यात पडदा असतो, तसाच डबा बसवायला येणारा माणूस असतो, भाड्याची कपात असते, तक्रारीचा फोन असतो आणि दुकानातला गोंगाटही असतो. 'यूझर एक्स्पिरियन्स' हा शब्द रूढ केला डॉन नॉर्मन यांनी. १९९३ च्या सुमारास ते ॲपल कंपनीत होते, आणि 'इंटरफेस' हा शब्द त्यांना अपुरा वाटत होता. वस्तूची बाहेरची घडण, चित्रं, हाताळणी, सोबतचं माहितीपत्रक हे सगळं त्यांना एकाच नावाखाली धरायचं होतं. म्हणजे शब्द जन्मला तेव्हापासूनच यूएक्स पडद्यापेक्षा मोठं आहे. पुढे नोकरीच्या जाहिरातींत 'यूआय-यूएक्स' असा जोडशब्द झाला आणि दोन्ही एकच असल्याचा समज पक्का झाला.

डब्याला पडदा नाही म्हणून त्याला इंटरफेस नाही, असं समजू नये. चालू-बंद करायचं बटण, आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं, बऱ्याच डब्यांवर शेवटची रक्कम पुन्हा ऐकायचं एक बटण, एक-दोन दिवे आणि बोलणारा आवाज, हा त्याचा यूआय. तो बरा आहे, पण उत्तम म्हणता येणार नाही. बटणं एकसारखी गोल आणि एका रांगेत असल्यामुळे न बघता दाबताना चुकतात. पुन्हा ऐकायच्या बटणावर नुसता एक उंचवटा दिला असता तरी बोटाला ते ओळखू आलं असतं. दिव्यांचंही तसंच आहे. नेटवर्क आहे की नाही हे हिरव्या-लाल रंगावर सांगितलं, तर ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना काहीच कळत नाही. स्थिर दिवा म्हणजे ठीक आणि लुकलुकणारा म्हणजे अडचण, ही खूण सगळ्यांना कळते. डबा घेताना दिवा कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावं.

मराठी आकड्यांचा आवाज

या भागावर जास्त थांबायला हवं, कारण मराठी दुकानदाराला डब्याचा खरा कस इथेच लागतो. डब्यात आवाजाचे छोटे छोटे तुकडे साठवलेले असतात आणि रकमेप्रमाणे ते जोडून वाजवले जातात. ही जोडणी इंग्रजीच्या चालीवर केली तर मराठीत घोटाळा होतो. इंग्रजीत वीसनंतर 'वीस एक, वीस दोन' अशी रचना चालते, त्यामुळे थोड्या तुकड्यांत काम भागतं. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे, म्हणजे नव्याण्णव तुकडे वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता, ते आठवत असेल. मुलांना शिकवायला ती पद्धत सोपी असेल-नसेल, पण गल्ल्यावरच्या कानाला 'बाहत्तर' हवं असतं, 'सत्तर दोन' नको असतं. दुसरी अडचण शंभराची. नुसते १०० असतील तर आपण 'शंभर' म्हणतो आणि १२० असतील तर 'एकशे वीस'. हा नियम जोडणाऱ्याला ठाऊक नसेल, तर डबा 'एक शंभर वीस' म्हणणार. म्हणून डबा घेताना १००, १०१ आणि १२० या तीन रकमा जरूर पाठवून पाहाव्या.

मग येतो गोंगाट. 'साठ' आणि 'आठ', 'सतरा' आणि 'सत्तर', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' या जोड्या शांत खोलीत वेगळ्या ऐकू येतात. शनिवारच्या बाजारात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये त्या एक होतात. आवाज मोठा केल्याने हे सुटत नाही. व्यंजनं ओळखू येतात ती उंच पट्टीच्या ध्वनींवरून, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या भागात. छोटा स्पीकर तिथे चांगला वाजतो, पण पूर्ण आवाजावर नेला की फाटतो आणि नेमका तोच भाग बिघडतो. त्यामुळे आवाज शेवटच्या टोकापासून एक-दोन पायऱ्या खाली ठेवावा आणि डबा जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे मागच्या फळीवर, बरण्यांच्या आड ठेवलेला डबा हाताशी घेतला, तर आवाज न वाढवताही स्पष्ट ऐकू येतो.

रकमेच्या आधी कंपनीचं नाव वाजतं ते पुष्कळांना फुकटची जाहिरात वाटतं. जाहिरात ती आहेच, पण तिचा एक उपयोगही आहे. बेसावध कानाला वाक्याचा पहिला शब्द सहसा नीट कळत नाही, तो कान टवकारण्यातच जातो. पहिला शब्द रकमेचा असता तर 'दोनशे चाळीस'मधले दोनशे हरवले असते. आधी एक टण्णकन स्वर, मग रक्कम, मग 'मिळाले' हा क्रम त्यासाठी योग्य आहे. पुन्हा ऐकायचं बटण दाबल्यावर मात्र डब्याने रक्कम दोन पद्धतींनी सांगायला हवी : "सत्तर रुपये, सात शून्य." एवढ्याने सतरा-सत्तरचा प्रश्न मिटेल. असा डबा मराठीत मिळाला तर दहा रुपये जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

डबा कुठे जिंकतो

डब्याआधी काय व्हायचं ते आठवून पाहा. गिऱ्हाईक पैसे पाठवायचं, फोन उलटा करून दुकानदाराला दाखवायचं, दुकानदार हातातलं काम थांबवून, चष्मा सावरून हिरवी खूण बघायचा. खूण खरी की जुन्या व्यवहाराचं चित्र, ते कळायचं नाही. नकली ॲपवर हुबेहूब खूण दाखवून माल नेण्याचे प्रकार याच फटीतून घडतात. डब्याने ही पायरीच काढून टाकली. खातरजमा गिऱ्हाईकाच्या पडद्यावरून उठून दुकानदाराच्या कानाकडे आली. हात मोकळे राहिले, डोळे तागडीवर राहिले. आणि मालक जेवायला गेला असला तरी दुकानातल्या पोराला कळतं की पैसे आले. क्यूआरच्या पाटीवर कुणी आपला स्टिकर चिकटवला, तर गिऱ्हाईकाच्या फोनवर खूण येईल पण डबा गप्प राहील आणि लबाडी पहिल्या-दुसऱ्या गिऱ्हाईकालाच उघडी पडेल.

यातलं काहीही डब्याच्या दिसण्यामुळे घडलेलं नाही. कुणाला, केव्हा, काय कळायला हवं याचा विचार कुणीतरी दुकानात उभं राहून केला, म्हणून ते घडलं. हे यूएक्सचं काम.

डबा चुकतो कुठे, हे समजायला आतली साखळी माहीत हवी. गिऱ्हाईकाने पिन टाकला की त्याच्या बँकेतून पैसे वजा होतात, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेतून निरोप दुकानदाराच्या बाजूच्या बँकेकडे जातो, जमा झाल्याची खबर डबा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला मिळते, आणि सर्व्हर मोबाइल डेटावरून डब्याला रक्कम कळवतो. शेवटची कडी तुटली, म्हणजे डब्याचं नेटवर्क गेलं, तर पैसे आलेले असतात आणि डबा गप्प असतो. डबा बोलला म्हणजे पैसे आले हे धरून चालावं. डबा गप्प म्हणजे पैसे आले नाहीत असं धरू नये, ॲपमध्ये पाहावं. पत्र्याचं शटर, लोखंडी मांडणी, तळघरातलं दुकान या ठिकाणी सिग्नल पडतो. डब्यात कोणत्या कंपनीचं सिम आहे आणि ते बदलून मिळतं का, हे आधी विचारावं. दुकानात आपला फोन चालतो म्हणून डबाही चालेल, असा हिशेब चुकतो, कारण दोघांचं नेटवर्क वेगळं असू शकतं.

नेटवर्क परत आल्यावर डबा काय करतो, हा त्याहून अवघड प्रश्न. काही डबे साचलेल्या रकमा एकापाठोपाठ बोलतात. समोर दोनशे चाळीसचं नवं गिऱ्हाईक उभं असताना अर्ध्या तासापूर्वीचे दोनशे चाळीस जाहीर झाले, तर माल फुकट जाईल. जुनी रक्कम बोलायचीच असेल तर "सव्वासहाचे दोनशे चाळीस" असं वेळेसकट बोलावी, नाहीतर बोलूच नये. तपासणी सोपी आहे : डबा बंद करा, दोन रकमा पाठवा, पाच मिनिटांनी डबा चालू करून ऐका.

आणि सराफ कट्ट्यावर हाच डबा अडचणीचा ठरतो. दागिने घेऊन निघालेल्या बाईंच्या पाठीमागे पंच्याऐंशी हजारांची घोषणा रस्त्यापर्यंत जाणं बरोबर नाही. औषधांच्या दुकानात, वकिलाच्या किंवा डॉक्टरांच्या दारातही तेच. तिथे आवाज कमी करून डबा काउंटरच्या आत ठेवावा, किंवा छोटा पडदा असलेला डबा घ्यावा. त्यावर रक्कम दिसते आणि रकमेसकटचा क्यूआरही बनतो, त्यामुळे गिऱ्हाईकाकडून २५० च्या जागी २५०० टाकले जाण्याची चूक टळते. भाडं थोडं जास्त पडतं. मोठ्या रकमांच्या दुकानाला ते परवडतं, भाजीच्या गाड्याला त्याची गरज नाही.

क्यूआरच्या पाटीबद्दल थोडक्यात. जितक्या लांबून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाएवढा तरी क्यूआर रुंद हवा. काउंटरपलीकडून एक मीटरवरून करायचं तर १० सेंटिमीटर. भोवतीची पांढरी कड झाकू नये, तिच्यावर देवाचा फोटो किंवा 'उधार बंद'ची चिठ्ठी चिकटवू नये. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो, म्हणून पाटी किंचित पुढे झुकवावी. हळद-मसाल्याच्या दुकानात बारीक भुकटी पाटीवर आणि स्पीकरच्या जाळीवर बसते. दोन्ही कोरड्या मऊ ब्रशने साफ करावं. ओल्या फडक्याने हळद पसरते आणि जाळी बुजते.

ॲप : देखणं, पण दुकान न पाहिलेलं

ॲपमधल्या ज्या उणिवा फक्त पडदा बदलून दूर होतील, त्या यूआयच्या. त्या आधी सांगतो. रंगसंगती आणि चिन्हं नीटनेटकी आहेत, बोटाला बटणं सापडतात. बटणासाठी सर्वसाधारण माप सुमारे ९ मिलिमीटर धरतात, ते बहुतेक ठिकाणी पाळलेलं दिसतं. पण वेळ आणि व्यवहार क्रमांक फिक्या करड्या अक्षरांत आहेत. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ हवा. फिका करडा पांढऱ्यावर ३ च्या आत राहतो. मारुती रोडवर दुपारच्या उन्हात हातगाडीवाल्याला त्यातलं एक अक्षर दिसत नाही.

मराठीकडे तर दुर्लक्षच आहे. पडदा इंग्रजीत बनवून वर मराठी शब्द ओतले, की तीन गोष्टी होतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं राहतं आणि वरची वेलांटी-अनुस्वार, खालचे उकार कापले जातात. देवनागरीला अक्षराच्या मापाच्या दीडपट किंवा थोडी जास्त ओळ-उंची लागते. दुसरं, बटणातला मजकूर मावत नाही आणि 'व्यवहार पा…' असा तुटतो. तिसरं, भाषा 'मराठी' असल्याची खूण प्रोग्रॅममध्ये न केल्यामुळे फॉन्टमध्ये मराठी वळण असूनही शाळेत शिकवतात तो पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिसत नाहीत, हिंदी वळणाचे दिसतात. हा एका ओळीचा बदल आहे. आकड्यांचे स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने, १,००,००० असे पडतात की १००,००० असे, तेही बघावं. शब्दांबाबत, 'सेटलमेंट'चं भाषांतर 'तडजोड' किंवा 'समझोता' असं केलं तर दुकानदार दचकेल. 'खात्यात जमा' हे दोन शब्द पुरेसे आहेत.

हे सगळं एखादा चांगला यूआय डिझायनर पंधरा दिवसांत सुधारेल. आणि तरीही ॲप वापरण्याजोगं होणार नाही. कारण पुढच्या उणिवा पडद्याच्या नाहीत.

पहिली उणीव खात्यात जमा होणाऱ्या रकमेची. दिवसभरात डबा १८,६४० रुपये बोलला. ज्या योजनेत पैसे दुसऱ्या दिवशी एकरकमी जमा होतात, तिथे बँकेच्या पासबुकात १८,५२२ दिसतात. ११८ गेले कुठे? शंभर भाडं, अठरा जीएसटी. पण कपात कोणत्या तारखेला होते हे दुकानदाराला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ॲपमध्ये ती जमेच्या यादीत न दिसता भाड्याच्या वेगळ्या पानावर असते. त्यात दिवस मोजण्याची वेळ वेगळी. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, कंपनीचा दिवस मात्र तिच्या यंत्रणेच्या वेळेला संपतो, त्यामुळे रात्रीचे काही व्यवहार पुढच्या रकमेत जातात. रंग कितीही बदलला तरी हा रोजमेळ जुळणार नाही. हवी एक ओळ : "कालचे १८,६४० − भाडं ११८ = जमा १८,५२२", आणि कपातीच्या आदल्या दिवशी एक निरोप. त्यासाठी हिशेब खातं, बँकेची बाजू आणि निरोप लिहिणारा यांना एकत्र बसावं लागेल.

दुसरी उणीव रोजची आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "काल साडेसातच्या सुमारास दोनशे चाळीस दिले होते, दोनदा गेलेत का बघा की." ॲप उघडा, कर्जाची जाहिरात बंद करा, इतिहासात जा, तारीख बदला, शंभर-सव्वाशे व्यवहार सरकवत शोधा. रकमेने शोधायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. गिऱ्हाईक आपल्या फोनवरचा बारा आकडी यूपीआय क्रमांक दाखवतं, तर ॲपच्या यादीत कंपनीचा स्वतःचा वेगळा क्रमांक. बारा आकडी क्रमांक सापडतो तो व्यवहार उघडून तपशिलाच्या तळाशी. दोघे दोन वेगळे आकडे घेऊन बोलत राहतात आणि मागे रांग वाढते. यादीतच बारापैकी शेवटचे चार आकडे दाखवले असते, तर दहा सेकंदांत काम झालं असतं.

पैसे गिऱ्हाईकाच्या खात्यातून गेले आणि दुकानदाराला मिळालेच नाहीत, अशा वेळी ॲप 'प्रलंबित' एवढंच म्हणतं. दुकानदाराला त्या क्षणी गिऱ्हाईकाला सांगायला एक वाक्य हवं असतं. ते वाक्य आहे : रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानातल्या अशा व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे तिथल्या तिथे मराठीत लिहिलेलं असतं, तर अर्धी भांडणं झालीच नसती. जास्तीचे पैसे आले, तर परतफेड त्याच व्यवहारावरून ॲपमधून करावी. "चुकून आलेत, या दुसऱ्या नंबरवर पाठवा" असं कुणी म्हटलं तर पाठवू नये.

नावाची गोष्ट छोटी आहे, पण रोज आडवी येते. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्कॅन केल्यावर फोनवर मालकाच्या आजोबांचं नाव. गिऱ्हाईक थबकतं, विचारतं, दुकानदार "होय होय, तेच" म्हणतो. प्रत्येक वेळी पाच सेकंद, आणि ज्या दिवशी स्टिकर खरंच बदललेला असेल त्या दिवशीही तेच उत्तर दिलं जाण्याचा धोका. हे नोंदणीच्या वेळीच दुकानाचं नाव घालून सुटतं. बसवायला आलेल्या माणसाकडून ते करून घ्यावं, नंतर कागदपत्रांचे हेलपाटे पडतात.

कोणती उणीव कोणाच्या खात्यात टाकायची, याची कसोटी सोपी आहे. तोच पडदा जागेवर ठेवून अक्षर, रंग, माप, शब्द बदलल्याने त्रास संपला, तर तो यूआयचा. त्रास संपवायला क्रम, वेळ, नियम किंवा माणूस बदलावा लागला, तर यूएक्सचा. शब्दांचं काम दोघांच्या सीमेवर पडतं, आणि म्हणून ते बहुधा कुणीच करत नाही.

सांगली-मिरजेत दुकानांसाठी, शीतगृहांसाठी, पतसंस्थांसाठी ॲप बनवणाऱ्यांना आणि इथल्या कॉलेजांत हा विषय शिकणाऱ्यांना एवढंच सांगणं : पडदे रंगवण्याआधी शनिवारी संध्याकाळी एका दुकानात दोन तास उभे राहा. दुकानदार किती वेळा फोन हातात घेतो, कशासाठी घेतो, तेव्हा हात ओले असतात की तेलकट, पैसे कोण मोजतं आणि उधारीची वही कोण लिहितं, ते टिपा. मग पाच दुकानदारांना पडदा देऊन एकच काम सांगा, "कालचे दोनशे चाळीस शोधा", आणि मध्ये बोलू नका. ते कुठे अडतात ते कागदावर आलं, की रंगांचं काम नंतर निम्मं उरतं.

भाड्याने घेण्याआधी वीस मिनिटं

बसवायला माणूस आला की त्याला सही देण्याआधी हे करून घ्या. डबा जिथे कायम राहणार तिथेच ठेवा. घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून लहान-लहान दहा रकमा पाठवा, त्यात ८, ६०, १७, ७० जरूर असू द्या. फोनवर खूण आल्यापासून डबा बोलेपर्यंतचे सेकंद मोजा. दहापैकी नऊ वेळा पाच सेकंदांच्या आत बोलला तर ठीक. दहा सेकंदांच्या वर जात असेल तर घेऊ नका. माणूस एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन थांबतो ते साधारण दहा सेकंदच, त्यापुढे गिऱ्हाईक फोन उलटा करून दाखवू लागतं आणि डब्याचा फायदा संपतो. दोन फोनवरून एकाच वेळी सारखी रक्कम पाठवा, डबा दोनदा बोलायला हवा. पंखा आणि रेडिओ लावून पुन्हा ऐका. वायर काढून रात्रभर ठेवायचं असेल तर सकाळी डबा स्वतःहून जागा होतो की बटण दाबावं लागतं, ते विचारा. दुकानात काम करणाऱ्यासाठी ॲपमध्ये वेगळी परवानगी देता येते का, म्हणजे त्याला व्यवहार दिसतील पण बँकेचं खातं दिसणार नाही, तेही पाहा. ती सोय असेल तर मालकाचा फोन दुकानात अडकून पडत नाही.

शेवटची तपासणी लोक विसरतात. त्याच माणसाला विचारा, "डबा परत करायचा तर ॲपमध्ये बटण कुठे आहे?" नवीन डबा मागवायचं बटण पहिल्या पानावर ठळक असतं, परतीचं काही ॲपमध्ये मदतीच्या चौथ्या पानावर किंवा फक्त फोनवर. डबा कपाटात बंद पडून राहिला तरी भाडं कापलं जात राहतं. परत देताना डब्यामागचा क्रमांक आणि तारीख लिहून माणसाची सही घेतलेली पावती ठेवा, आणि पुढचे दोन महिने पासबुकात कपात थांबली की नाही ते पाहा.